घरगुती राहण्याची सोय: विहिरीपासून वहीपर्यंत रोजचं काम

गुहागर असो, मुरुड-हर्णै असो की देवबाग, किनाऱ्यालगतच्या घरात दोन-तीन खोल्या पाहुण्यांसाठी काढायच्या ठरल्या की पहिला हिशोब खोल्यांचा होतो. तीन खोल्या, खोलीत तिघं, म्हणजे नऊ माणसं. गाद्या नऊ असतातही. पण नऊ माणसांपुरतं पाणी, तेवढ्या चादरी-टॉवेल एका दिवसात वाळवणारी दोरी आणि नऊ ताटं एका पंगतीला वाढू शकणारं स्वयंपाकघर असतंच असं नाही. या तिन्हींत जे सगळ्यांत तोकडं, तेवढेच पाहुणे घ्यायचे. बुकिंग भरपूर असूनही ज्या घरांबद्दल तक्रारी येतात, तिथे बहुतेक वेळा हाच हिशोब चुकलेला असतो.

आधी विहीर मोजा

अडचण अशी की पाहुण्यांची गर्दी मे महिन्यात आणि विहिरीचा तळही मे महिन्यातच. त्यामुळे हिशोब दिवाळीच्या भरल्या विहिरीवर न करता मेच्या पहिल्या आठवड्यातल्या विहिरीवर करायचा.

रात्री पंप बंद केल्यावर दोरीला दगड बांधून पाण्याच्या पातळीची खूण करा. पहाटे पंप लावण्याआधी पुन्हा मोजा. दहा फूट व्यासाच्या गोल विहिरीत एक फूट पाणी म्हणजे साधारण २२०० लिटर. रात्रभरात फूटभर पाणी चढत असेल तर दिवसाला तेवढंच आपलं आहे असं समजायचं. दिवसा जे झरतं ते राखीव.

आता खर्च. साध्या दिवशी माणशी दीडशे लिटर पुरतात, पण समुद्रावरून आल्यावर प्रत्येक जण दुसरी आंघोळ करतो, त्यामुळे दोनशे धरा. नऊ जणांचे १८०० झाले. घरचं पाणी, स्वयंपाक, भांडी आणि कपडे मिळून आणखी ५०० तरी लागतात. म्हणजे २३०० लिटर, आणि विहीर देते २२००. याचा अर्थ मेमध्ये दोनच खोल्या, म्हणजे सहाच पाहुणे, किंवा टँकरचा खर्च दरात धरायचा. टँकर बोलवायचाच असेल तर आदल्या दिवशी सांगून ठेवा. लाँग वीकेंडच्या शनिवारी सगळ्या गावाला तो एकदमच हवा असतो.

पाहुण्यांची टाकी आणि घरची टाकी वेगळी ठेवा. एकच टाकी असली की सकाळी आठ वाजता तिन्ही न्हाणीघरं चालू होतात आणि स्वयंपाकघरात नळाला हवा येते. पाहुण्यांसाठी २००० लिटरची टाकी असावी, आणि ती रात्री झोपण्यापूर्वी भरावी. सकाळी वीज नसेल तरी पहिल्या फेरीच्या आंघोळी निभावतात.

पाणी शुद्ध करायला टीसीएल (ब्लीचिंग) पावडर ग्रामपंचायतीत मिळते किंवा दुकानात. प्रमाण १००० लिटरला ५ ग्रॅम. त्याच दहा फुटी विहिरीत सहा फूट पाणी असेल तर ते साडेतेरा हजार लिटरच्या आसपास भरतं, म्हणजे ७० ग्रॅम पावडर. ती थेट विहिरीत भिरकावू नये. प्लास्टिकच्या बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळ दुसऱ्या बादलीत काढून विहिरीत सोडायची आणि ती बादली पाण्यात खालीवर करून ढवळायची. त्यानंतर किमान तासभर पाणी उपसू नये. डबा उघडा राहिला, की पावडरीतला क्लोरीन उडून जातो आणि मग कितीही टाकली तरी नुसता चुनाच पडतो. म्हणून डबा घट्ट झाकणाचा हवा आणि कोरड्या, अंधाऱ्या जागी हवा. शंका आली तर गावच्या जलसुरक्षकाकडून ओटी टेस्ट करून घ्यावी. पाणी पिवळसर झालं तर क्लोरीन शिल्लक आहे.

अंगणात, पायरीच्या आधी, पाय धुवायचा नळ आणि खाली खडबडीत दगड हवाच. पाय इथे धुतले गेले नाहीत तर ती वाळू न्हाणीच्या जाळीत, गादीत आणि शेवटी वॉशिंग मशीनच्या पंपात जाऊन बसते.

शोषखड्डा विहिरीपासून किमान पन्नास फूट लांब असावा. सेप्टिक टँकमध्ये घाण कुजवणारे जंतू असतात, ते ॲसिड आणि फिनेलच्या माऱ्याने मरतात. म्हणून संडासात रोज ॲसिड ओतायची सवय सोडा. ब्रश आणि साबण पुरतो, क्लीनर आठवड्यातून एकदा. टँक तुंबण्याचं नेहमीचं कारण सॅनिटरी पॅड आणि ओले वाइप्स. प्रत्येक न्हाणीघरात झाकणाची बादली आणि शेजारी जुन्या वर्तमानपत्राचे कापलेले तुकडे ठेवले की हा प्रश्न जवळपास संपतो. दारावर सूचना चिकटवून संपत नाही. फ्लश केल्यावर शेजारच्या जाळीतून गुडगुड आवाज येऊ लागला तर टँक भरत आलाय. मैलागाडी एप्रिलमध्येच बोलवा.

गरम पाणी आणि वीज

पंधरा लिटरच्या गिझरमध्ये साठ अंशांना तापलेलं पाणी गार पाण्यात मिसळलं की आंघोळीजोगं सदतीस-अडतीस लिटर होतं, म्हणजे दोन बादल्या. पुन्हा तापायला दोन किलोवॉटच्या कॉइलला सतरा-अठरा मिनिटं लागतात. हे पाहुण्यांना पहिल्याच दिवशी सांगून टाकावं: दोघांच्या आंघोळी झाल्या की वीस मिनिटं थांबा. न सांगितल्यास तिसरा माणूस गार पाण्याने न्हातो आणि गिझर बिघडल्याचा फोन येतो. गॅस गिझर न्हाणीघराच्या आत कधीही बसवू नये. बंद खोलीत त्याच्या ज्योतीतून तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस न्हाता न्हाता बेशुद्ध पडतो. तो बाहेरच्या भिंतीवर, उघड्यावर. विजेच्या गिझरला अर्थिंग आणि ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) हवा. तो महिन्यातून एकदा टेस्टचं बटण दाबून पाहावा.

दीडशे ॲम्पिअर-अवरची एक बॅटरी दोन साधे पंखे आणि चार एलईडी दिवे सहा तासांच्या आसपास चालवते. बीएलडीसी पंखे बसवले तर पंख्यांचा विजेचा खर्च निम्म्याहून खाली येतो आणि तीच बॅटरी रात्र काढते. इन्व्हर्टरवर एसी चालत नाही, हे फोनवरच सांगावं. दीड टनाचा एसी रात्रीत आठ-दहा युनिट खातो, म्हणून एसीचा दर वेगळा लावणं रास्त आहे. खाऱ्या हवेने त्याच्या बाहेरच्या युनिटची जाळी सडते. मेन स्विच बंद करून ती महिन्यातून एकदा गोड्या पाण्याच्या हलक्या धारेने धुवावी. कुलपं पितळी घ्या.

अकरा ते एक

पाहुणे अकराला निघतात, नवे एकला येतात. मधले दोन तास हा या धंद्याचा कणा. दोन माणसं असतील तर एका खोलीला अर्धा तास, एकटी मावशी असेल तर पाऊण तास. तीन खोल्या एकाच दिवशी रिकाम्या होऊन पुन्हा भरणार असतील तर एकट्या मावशीला सव्वादोन तास लागतात, म्हणजे ते जमत नाही. तिसऱ्या खोलीची वेळ फोनवरच तीनची द्यावी.

जाणारे पाहुणे शेवटचा चहा घेत असतानाच एकाने खोलीवर नजर टाकून यावं. उशीखाली मंगळसूत्र किंवा चष्मा, प्लगला चार्जर, दाराच्या मागे ओला पोहण्याचा पोशाख, फ्रिजमध्ये औषध. गाडी घाटात गेल्यावर सापडलेली वस्तू कुरिअरने पाठवण्यात आपलाच वेळ जातो.

कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी खिडक्या उघडायच्या, चादरी-टॉवेल काढून थेट धुण्याच्या पिंपात. मग न्हाणीघर, कारण ते वाळायला वेळ लागतो. टाइल्स वरून खाली, मग भांडं, शेवटी जाळीतले केस आणि वाळू. टॉयलेट क्लीनरमध्ये ॲसिड असतं. त्यावर ब्लीच किंवा टीसीएल पडलं की विषारी क्लोरीन वायू सुटतो. दोन्ही बाटल्या एका टोपलीत ठेवूच नयेत, आणि हे मदतीला येणाऱ्या प्रत्येकीला स्वतः सांगावं.

न्हाणीघर वाळत असताना खोली. पंख्याची पाती, मग फर्निचर, मग गादी. गादीची उशाकडची शिवण आणि पलंगाचे सांधे दर वेळी पाहायचे. बारीक काळे ठिपके दिसले तर ढेकूण आलेत. अशी खोली त्या दिवशी द्यायची नाही, मग नुकसान कितीही होवो. कपडे कडक गरम पाण्यात धुवावेत, गादी उन्हात टाकावी, औषध फवारून घ्यावं आणि दोन आठवड्यांच्या आत पुन्हा एकदा फवारावं, कारण पहिल्या फवारणीतून अंडी वाचतात. ढेकूण सामानातून येतात. त्यात घराच्या स्वच्छतेचा दोष नसतो, पण दोन दिवस गप्प बसलात तर तिन्ही खोल्यांत पसरतात.

फरशी शेवटी. लाल कोब्याला आणि शहाबादीला ॲसिड लावू नये, पृष्ठभाग खाल्ला जातो. कोब्याला साधं पाणी, आणि महिन्याकाठी खोबरेल तेलाचा अगदी पुसट हात. जास्त झालं तर पाय घसरतो.

खोली लावून झाली की दार ओढून घेण्यापूर्वी तीन गोष्टी करून पाहायच्या: फ्लश, गिझरचा दिवा, आणि आतून कडी. आतून कडी न लागणं ही फार छोट्या बिघाडाची गोष्ट, पण बाईमाणसं त्या एका कारणावरून रात्री झोपत नाहीत.

चादरी आणि दोरी

पलंगामागे तीन जोड: एक अंथरलेला, एक धुण्यात, एक कपाटात. पावसाळ्यात चार. पांढऱ्या सुती चादरीच घ्याव्यात. डाग लगेच दिसतात, ही त्यांची खोड नव्हे, सोय आहे. पाहुण्याला स्वच्छता डोळ्यांनी पटते आणि सगळं एकत्र धुता येतं.

दोरीचा हिशोब कोणी करत नाही. तीन डबल चादरी, तीन सिंगल, नऊ टॉवेल, नऊ अभ्रे एका वेळी वाळत घालायला पाऊणशे फूट दोरी लागते. सात किलोच्या मशीनला हे दोन घाण्यांचं काम आहे. पहिला घाणा साडेअकराला लागला पाहिजे, नाहीतर दुपारचं ऊन हातातून जातं.

हळदीचा डाग साबण लावल्यावर लाल होतो. घाबरू नये, क्षारामुळे तसं होतं. धुऊन कडक उन्हात टाकला की दोन-तीन उन्हांत उडतो. रक्ताला गार पाणीच, गरम पाण्याने डाग पक्का बसतो. काजूच्या बोंडाचा रस मात्र जात नाही. मार्च ते मे या दिवसांत मुलं बागेतून बोंडं खात येतात, तेवढ्यापुरते अंगणात जुने पंचे ठेवावेत. टॉवेलला फॅब्रिक सॉफ्टनर नको, त्याने पाणी शोषत नाही. पावसात वास मारू लागलेले टॉवेल पुन्हा पुन्हा साबणात घालण्यापेक्षा एकदा उकळत्या पाण्यात धुण्याच्या सोड्याबरोबर अर्धा तास ठेवावेत.

ताट

जेवण आदल्या संध्याकाळी सातपर्यंत ठरलं पाहिजे: शाकाहारी किती, मासे कुणाला, लहान मुलांना तिखट चालतं का, आणि उपास कुणाला आहे. अंगारकीला शाकाहारी आणि उपासाची ताटं अचानक वाढतात, म्हणून कॅलेंडर बघून साबुदाणा आणि वरी आणून ठेवा.

नऊ माणसांना एक किलो तांदळाचा भात पुरतो. एका नारळाच्या रसात सोलकढीच्या चार-पाच वाट्या होतात, म्हणजे दोन नारळ लागले. किलोभराच्या सुरमईचं डोकं-शेपूट वजा जाता ताटात ठेवण्याजोग्या सात-आठ तुकड्या निघतात. उकडीचे मोदक सांगायचे तर आदल्या दिवशी सांगा, असा नियमच ठेवावा. एका नारळाच्या चवात (खवलेल्या खोबऱ्यात) पंधराच्या आसपास मोदक होतात, आणि ते वळायला माणूस अडकून पडतं.

माशाचा भाव रोज बदलतो, म्हणून ताटाचे दर छापताना सुरमई-पापलेट वगळावेत. बाजारातून मासळी आली की शिजवण्याआधी पाहुण्याला भाव सांगून होकार घ्यावा. 'बाजारभावाप्रमाणे' एवढंच लिहून जेवणानंतर आकडा सांगितला, की सगळ्या पाहुणचारावर पाणी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी बोटींना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत ताज्या सुरमईचं आश्वासन देऊच नये. सुकट, सोडे, खाडीची मासळी, कुळथाचं पिठलं सांगावं. स्वयंपाकाला १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर. घरगुती सिलिंडर या कामाला चालत नाही. जेवण देत असाल तर अन्नसुरक्षा नोंदणीही लागते.

समुद्राबद्दल सांगणं हेही रोजचं काम

भरतीची वेळ दाराशी पाटीवर खडूने लिहून ठेवा. कोकणातला जुना आडाखा अजून उपयोगी पडतो: तिथीची पाऊणपट. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमाराला पूर्ण भरती. त्यानंतर सव्वासहा तासांनी, दहाच्या सुमाराला, ओहोटी. शुक्ल असो वा कृष्ण पक्ष, हिशोब तोच. पाणी मागे ओढणारा ओहोटीचा वेळ पोहण्याला वाईट, हे पाहुण्यांना स्पष्ट शब्दांत सांगावं, आणि खाडीच्या मुखाशी तर कुठल्याच वेळी उतरू नये. 'सांभाळून जा' यातून कुणाला काही कळत नाही. जागा आणि वेळ बोट दाखवून सांगावी.

रुग्णवाहिकेचा १०८, जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा नंबर आणि सर्पदंशावरचं प्रतिविष (अँटीव्हेनम) नक्की कुठल्या रुग्णालयात मिळते ते, असं सगळं एका कागदावर लिहून प्रत्येक खोलीत लावा. चिऱ्याच्या गडग्यांत विंचू असतातच. चपला झटकून घाला, एवढं पहिल्या संध्याकाळी बोलावं.

फोन आणि वही

फोनवर विचारायचं: माणसं किती, त्यात मुलं किती व किती वर्षांची, कधी पोहोचणार, रेल्वेने की गाडीने, आणि ड्रायव्हर आहे का. शेवटचा प्रश्न सगळे विसरतात. ड्रायव्हरला झोपायला पडवीत खाट, पंखा आणि जेवण मिळणार की नाही, त्याचे पैसे वेगळे की कसे, हे आधीच ठरवावं. रात्रभर गाडीत अवघडून झोपलेला माणूस सकाळी घाटातून गाडी चालवणार असतो.

दारू, मोठ्याने गाणी, कुत्रं, उशिरा येणं याबद्दलचे नियम आगाऊ रक्कम घेण्याआधी सांगायचे. निम्मी रक्कम आली की बुकिंग पक्कं, नाहीतर नाही. मॅप अनेकदा पाखाडीतून (पायऱ्यांच्या अरुंद वाटेतून) रस्ता दाखवतो आणि मोठी गाडी अडकते. त्यामुळे स्वतः टाकलेलं लोकेशन आणि शेवटच्या तीन खुणा (देऊळ, शाळा, साकव) बोलून पाठवाव्यात.

पोर्टलवर आणि फोनवर दोन्हीकडे बुकिंग घेत असाल तर भिंतीवरचं एकच कॅलेंडर खरं मानायचं. पोर्टलवर तारीख बंद करण्याचं काम फोन ठेवताक्षणी करा. दिवाळी, नाताळ ते नववर्ष आणि मेचे शनिवार-रविवार पोर्टलवर बंद ठेवून फक्त फोनवर देणं अधिक सुरक्षित. गणपतीत तर घर चाकरमान्यांनीच भरतं. त्या दिवसांत पाहुणे घेऊच नयेत.

पाहुण्यांच्या वहीत नाव, गाव, फोन, आल्या-गेल्याची तारीख-वेळ आणि सही. ओळखपत्र प्रत्येक प्रौढाचं पाहावं. आधारची पूर्ण छायाप्रत वहीत चिकटवून ठेवू नये. फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड आधार किंवा लायसन्स चालतं. परदेशी पासपोर्ट असलेल्या प्रत्येकाची माहिती आल्यापासून २४ तासांत एफआरआरओच्या (परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाच्या) ऑनलाइन फॉर्मवर भरावी लागते. त्यात अमेरिकेहून आलेलं, घरात मराठीच बोलणारं कुटुंबही येतं, आणि तिथेच बहुतेकांचं राहून जातं. ही खाती आणि पासवर्ड पाहुणा दारात उभा असताना तयार करायच्या गोष्टी नव्हेत. पर्यटन संचालनालयाकडे निवास व न्याहारी योजनेखाली नोंदणी करून ठेवली तर पुढच्या बऱ्याच कागदांना आधार मिळतो.

त्याच वहीच्या मागच्या पानांवर दर सोमवारी वीजमीटरचं रीडिंग, विहिरीची पातळी आणि फाटलेल्या-डागाळलेल्या कापडांची संख्या लिहावी. पुढच्या मेचा दर यावरूनच ठरतो.

जूनमध्ये पाहुणे यायचे थांबले की गाद्या भिंतीपासून हातभर लांब, फळ्यांच्या खाटेवर उभ्या करून ठेवा. बॉक्सच्या दिवाणात बंद केल्या तर श्रावणापर्यंत बुरशी धरतात. कपाटांची दारं किलकिली ठेवावीत आणि ऊन पडेल त्या दिवशी सगळ्या खोल्या उघडाव्यात. फुगलेली लाकडी दारं पावसात रंधू नका. ऑक्टोबरच्या उन्हात ती आपोआप आकसतात, आणि तेव्हा रंधलेल्या दारात बोटभर फट राहते.